माळावरच्या पेटीतली तीस मतं

अण्णा, तुम्हाला बसवून नेलं. तुमच्या लिंगायतांत तसंच नेतात हे ऐकून माहीत होतं, पण मी कधी पाहिलं नव्हतं. ताठ बसलेले, डोळे मिटलेले, कपाळावर विभूती, खांद्यापर्यंत फुलं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी होते आणि मला सारखं वाटत होतं की हा माणूस आता म्हणणार, "थांबलीस का? वाच की पुढं." रोज सकाळी पेपर ऐकायला तुम्ही असेच तर बसायचात.

आपलं भांडण कुठे राहिलं होतं तेही आठवतंय. मी इराकची बातमी वाचली होती, बाजारात स्फोट झाल्याची. तुम्ही म्हणालात, "वेळ लागतो." मी काहीच बोलले नाही. तेव्हा तुम्ही चिडलात. "आता का गप्प? तुझंच मत मी मान्य करतोय, तर तू पलटी खाल्लीस व्हय?" मी हसले आणि क्रिकेटच्या पानाकडे वळले. ते हसणं खोटं होतं. एक गोष्ट मी दोन वर्षं तुमच्यापासून लपवली. आज ती सांगणार आहे, कारण आता तुम्ही त्यावर काही करू शकत नाही.

राजारामपुरीतल्या तुमच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो, आणि चार वर्षांत मी तुमच्याशी चार वाक्यं बोलले नव्हते. लाजरी म्हणून, आणि इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐकून लोक हसतात म्हणून. मग एक दिवस अक्का वर आल्या. "ह्यांच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितलाय बाळ. मी कानडी शाळेत शिकलेली, मला मराठी भरभर वाचायला येत न्हाई. रोज अर्धा तास पेपर वाचून दाखवशील?" नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी ५९ आलं. मी थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "फिफ्टी नाइन." तुम्ही असे हसलात की अक्का स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"अगं, फाडफाड इंग्रजी बोलणारी बॅरिस्टरीण एकोणसाठला अडली!"

मला रडू आलं होतं, तुम्हाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर बाजूला ठेवायला लावलात आणि एकपासून शंभरपर्यंत पाढ्यासारखं म्हणवून घेतलंत. वीस वर्षांच्या मुलीकडून! मी वर जाऊन उशीत तोंड घालून पुन्हा म्हटलं. एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव. आज हे लिहिते आहे ते मराठी त्या खोलीतलं आहे. शाळेनं मला ते दिलं नव्हतं आणि आमच्या घरीही कुणाला गरज वाटली नव्हती.

त्याच वर्षी इराकवर हल्ला झाला. बाहेरून सैन्य जाणार, हुकूमशहा पाडणार आणि लोकशाही आणणार, असं रोज छापून यायचं. आमच्या कॉलेजात इंग्रजी निबंधस्पर्धा लागली. विषय होता, लोकशाही बाहेरून लादता येते का. मी "येते" अशी बाजू घेतली. महायुद्धानंतरचा जर्मनी, जपान. वाचनालयातल्या जाड पुस्तकांतून टिपणं काढली आणि तुम्हाला मराठीत समजावून सांगितली. कुणाशीही मी इतकं सलग बोलले ते पहिल्यांदाच.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग म्हणालात, "आपल्या कोल्हापुरात जेवायला आग्रह लई करत्यात. पण पावण्याचे हात बांधून कुणी ताट पुढं ठेवलेलं बघितलंस?"

"आणि पाहुण्याला घरमालकानंच उपाशी कोंडून ठेवलं असेल तर? शेजाऱ्यांनी नुसतं बघायचं?"

तुम्ही मान हलवलीत. "हा मुद्दा बरा हाय. लिही. पण जपानात आधी काहीच नव्हतं का ते बघ. मतपेटी तिथं त्या सैनिकांच्या आधी पोचली होती का, ते शोध."

मी शोधलं. होती. निबंधात तो परिच्छेद घातला नाही, कारण तो माझ्या बाजूचा नव्हता. मला दुसरं बक्षीस मिळालं आणि तुम्ही अक्कांना शिरा करायला लावलात. वाटी माझ्या हातात देताना मात्र म्हणालात, "बक्षीस मिळालं म्हणजे बरोबर ठरलीस असं न्हाय."

तुम्ही इतके ठाम का होता, हे मला दोन वर्षं कळलं नाही. मी समजत होते की तुम्ही सहकार खात्यातून निवृत्त झालेले, सरकारी माणसाला सैन्याबिन्याचं वावडं असतं.

मग इराकमध्ये निवडणूक झाली. तोवर तुम्हाला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं, म्हणून फोटो आला की त्याचं वर्णन करायचं हा आपला नियम होता. पहिल्या पानावर फोटो होता. डोक्यावरून काळं वस्त्र घेतलेली एक बाई, तोंडभर हसू, आणि कॅमेऱ्यासमोर धरलेलं जांभळ्या शाईचं बोट. मी भारावून गेले होते. मी म्हणाले, "बघा अण्णा. धमक्या असूनही त्या रांगेत उभ्या राहिल्या. आता तरी मान्य करा."

"शाई दिसतेय? ठळक?"

"हो, सगळं बोट भरलंय."

"आणि ती आता घरी चालत जाणार."

मला समजलं नाही. तुम्ही बराच वेळ खुर्चीच्या हातावर अंगठा घासत होता. मग म्हणालात, "पोरी, मी एकदा लोकशाही नेली होती. पोलिसांच्या जीपमधनं."

तुम्ही जे सांगितलंत ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही स्वतःला एकाही वाक्यात वाचवलं नव्हतंत.

आजऱ्याकडचं एक गाव. तिथली दूध संस्था. एकच चेअरमन वर्षानुवर्षं, निवडणूक कागदावरच. तक्रारी झाल्या, संचालक मंडळ बरखास्त झालं आणि प्रशासक म्हणून तुम्हाला पाठवलं. तुम्ही किल्ल्या ताब्यात घेतल्या, यादी नव्यानं केली. माळावर बौद्ध घरांची वस्ती होती. म्हशी तिथल्या बायका सांभाळायच्या, दूध त्या घालायच्या, पण सभासदांच्या यादीत त्यांची नावं नव्हती. ती तुम्ही घातलीत. मतदान गावातल्या शाळेत ठेवायचं तर शाळा चेअरमनच्या दारासमोर. बायकांना तिथून जायला नको, म्हणून वस्तीच्या समाजमंदिरात तुम्ही वेगळी पेटी ठेवलीत.

"किती चांगलं केलंत," मी म्हणाले.

"ऐक की पुढं. मोजणी शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्या गावासमोर. एकेक पेटी उघडायची, तिथंच मोजायची, फळ्यावर खडूनं लिहायचं. पारदर्शक कारभार! लई अभिमान होता मला त्या शब्दाचा. चेअरमनचंच पॅनेल आलं. आणि माळावरची पेटी मी फळ्यावर लिहिली. बत्तीसपैकी तीस विरोधात."

मग मला कळलं. तुमच्या हातून त्या तीस बायकांच्या बोटांना शाई लागली होती.

चार्ज तुम्ही त्याच चेअरमनकडे दिलात. त्यानं हार घातला, नारळ दिला. तुम्ही जीपमध्ये बसून परत आलात. दुसऱ्या दिवशीपासून माळावरच्या दुधाला फॅट कमी लागायला लागली. मग दुधात पाणी आहे म्हणून किटल्या परत. थोड्या दिवसांनी तुमच्या ऑफिसात वस्तीतून पत्र आलं. तुम्ही त्यावर शेरा मारलात, "योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे", आणि सही केलीत. तुमचा त्या गावाशी संबंध संपला होता.

"कायद्यानं संपला होता," तुम्ही म्हणालात. "सगळ्या पेट्या एकत्र ओतून मोजल्या असत्या तर कुणाला काय कळलं असतं? माझ्या डोक्यात आलंच न्हाई. मला फळा दिसत होता, त्या बायका दिसत नव्हत्या. आणि तेव्हा माझे डोळे चांगले होते."

अकरा वर्षं तुम्ही हे अक्कांनाही सांगितलं नव्हतंत. मी सावध मुलगी. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "मग जा ना तिथे."

"काय तोंड घेऊन?"

"हेच."

महिन्याभरानं आपण गेलो. एसटीनं, खिडकीशी तुम्ही, मांडीवर अक्कांनी दिलेला भडंगाचा डबा. कोट घातला होतात. आजरा जवळ आला तशी तुमची बडबड थांबली. मग एकदम म्हणालात, "मारलं त्यांनी तर तू इंग्रजीत ओरड. घाबरतील." मी हसले. तुमचा हात माझ्या मनगटावरच होता.

वस्तीत पत्र पाठवणाऱ्या बाईचं नाव विचारलं. हौसाबाई. अंगणात शेण लोटत होत्या. त्यांनी तुमच्याकडे बघितलं, कमरेवर हात ठेवला.

"जीपवालं सायेब! म्हातारं झालासा की!"

तुम्ही आवाजाच्या दिशेनं हात जोडलेत आणि पाठ केलेलं बोलायला लागलात. "हौसाबाई, चूक माझी होती. पेट्या वेगळ्या मोजायला नको होत्या. तुमचं पत्रही मला मिळालं होतं..."

"बसा तर खरं! उभ्या उभ्या माफी मागत्यात व्हय? ए पोरी, बसीव त्यास्नी. दिसत न्हाई काय त्यास्नी?"

"नाही दिसत," मी म्हणाले.

त्यांनी हातातलं काम टाकलं. स्वतः येऊन तुम्हाला खाटेवर बसवलं. एकेक करत सात-आठ बायका जमल्या. हौसाबाई समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, लई शिव्या घातल्या तुमास्नी. दीड वरीस रोज सकाळी."

"घालायलाच पाहिजेत."

"पर एक सांगू का सायेब? तुमी फळ्यावर तीस लिवलासा न्हवं, त्या दिवशी आमाला पयल्यांदा कळलं आमी तीस हाय. तवर जी ती आपल्या घरात एकटीच हुती. मला वाटायचं मीच एकली इरोधात हाय. हिला वाटायचं हीच एकली. एकमेकीस्नी इचारायचं भ्या वाटायचं."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. गावात दूध घेईनात, म्हणून ओढ्यापलीकडच्या गावाच्या संस्थेत घालायचं ठरलं. रोज सगळ्यांनी तासभर चालायचं तर रान कोण बघणार, म्हणून दोघींनी पाळीनं सगळ्यांचं दूध न्यायचं. सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये. मग एकीनं पाणी घातलं तर सगळ्यांचं परत येणार. म्हणून वस्तीतच मापायला लागल्या. आणि मापणारीवर विश्वास कसा ठेवायचा? रोज वेगळी बाई मापणार, आणि मापणारीचं स्वतःचं दूध सगळ्यांत शेवटी, सगळ्यांच्या देखत. भांडणं झाली. एकदा एकीनं दुसरीच्या अंगावर किटली उपडी केली. तरी नियम मोडला नाही. ज्या दोघींनी चेअरमनला मत दिलं होतं, त्यासुद्धा सहा महिन्यांनी आल्या, आणि त्यांनाही पाळी मिळाली.

"आणि पुढची निवडणूक?" तुम्ही विचारलंत.

"आली की. नवा सायेब आला. त्योबी तुमच्यावानीच, एकेक पेटी उघडाय लागला. आमी तिसच्या तीस बायका व्हरांड्यात जाऊन बसलो. म्हटलं, आदी समद्या चिठ्ठ्या ह्या घमेल्यात वता. कालवा. मग मोजा काय मोजायचं ते."

"कायद्यात तशी तरतूद नव्हती..."

"न्हवती म्हणून तर घमेलं न्यावं लागलं!"

सगळ्या बायका हसल्या. तो साहेब तासभर नियमपुस्तक चाळत बसला म्हणे, शेवटी त्यानं कालवलं. त्या खेपेला हौसाबाई आणि आणखी एक जण संचालक म्हणून निवडून आल्या. गावातल्या मतांवर, कारण वस्तीची मतं पुरणारी नव्हतीच. गावातल्या माणसांनाही चेअरमनच्या नकळत मत द्यायचं होतं. चिठ्ठ्या घमेल्यात कालवायला लावणार हे बायकांनी मतदानाआधीच गावभर सांगितलं होतं, म्हणून त्यांनाही ते देता आलं.

तुम्ही चष्मा काढलात. तो तसाही तुम्हाला काही दाखवत नव्हता. तुम्ही कोटाच्या बाहीनं डोळे पुसत होता आणि मी त्या बाईकडे बघत होते. माझ्या जाड पुस्तकांत मोठमोठ्या माणसांनी लिहिलेल्या राज्यघटना होत्या. इथे शेणानं भरलेल्या हातांनी एक बाई सांगत होती की मापणारीचं दूध शेवटी. असं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही ऐकलेलं नाही.

"एक ध्येनात ठेवा मातूर," हौसाबाई म्हणाल्या. "मतदान आमाला तुमी शिकवलासा असं वाटत आसंल तर तसं न्हाई. त्ये आमाला आमच्या आज्यापासनं ठावं हाय. तुमी नुस्ती पेटी आणलासा."

"व्हय," तुम्ही म्हणालात. सरकारी माणूस असून तुम्ही नुसतं "व्हय" म्हणालात, पुढे एक शब्द जोडला नाहीत.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. आता पुढचं.

निघताना मी हात धुवायला मागच्या दारी गेले. हौसाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. त्यांनी विचारलं, "कितवी शिकलीस?" मी सांगितलं. त्या माझ्या हातांवर पाणी घालत राहिल्या. हात केव्हाच धुऊन झाले होते.

"माझी सुनीता तुझ्याच वयाची. सातवीत हुती तवा. पयला नंबर यायचा. दूध बंद झालं, दोन्ही म्हशी इकल्या, शाळा सुटली. रानात न्यायला लागलो तिला. पंधराव्या वर्सी लगीन लावून दिलं. आता दोन पोरं हाईत." मग तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "सायबास्नी सांगू नगं. म्हातारा मानूस, आंधळा, एवढ्या लांबनं आलाय. मी बाहीर हसले न्हवं, ते पुरं हाय त्येला."

मी मान डोलावली. गप्प राहायचं म्हटलं की मला जमतंच.

परतीच्या एसटीत तुम्ही थांबत नव्हता. आजऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत हौसाबाई, घमेलं, हौसाबाई. घरात शिरताच अक्कांना कानडीत सगळं सांगितलंत, हातवारे करून. तुम्हाला इतकं हलकं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या दिवसापासून आपल्या भांडणाच्या बाजू बदलल्या. इराकची वाईट बातमी आली की तुम्ही म्हणायचात, "थांब. बाहेरच्यानं नुसती पेटी नेली तरी आतली माणसं घमेलं आणत्यात. वेळ लागतो. हौसाबाईला किती वर्षं लागली?" माझ्याच निबंधाची बाजू, माझ्यापेक्षा चांगली मांडलेली.

आणि मला रोज सुनीता आठवायची. ती सातवीत शाळा सोडत होती, तेव्हा मी आमच्या शाळेत लोकशाहीची व्याख्या इंग्रजीत पाठ करत होते, आणि मला दहापैकी दहा मिळाले होते. तुम्ही "वेळ लागतो" म्हणायचात, तेव्हा तो वेळ कुणाच्या आयुष्यातून गेला हे मला माहीत असायचं. तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे एकच वाक्य होतं आणि ते बोलले असते तर जिंकले असते. मी क्रिकेटचे आकडे वाचले. आता एकाही आकड्याला अडत नव्हते.

मी बरोबर वागले का, अण्णा? हौसाबाईंनी तुम्हाला सूट दिली होती, ती काढून घ्यायचा मला हक्क नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. पण तुम्ही अकरा वर्षांनी, दिसत नसताना, कोट घालून, मार खायची तयारी ठेवून चूक सांगायला गेला होता. अशा माणसापासून अर्धी चूक लपवणं म्हणजे त्याला लहान समजणं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही पुन्हा गेला असता, सुनीताच्या दारात. मला त्याचीच भीती होती. तुम्ही ते सोसलं असतंत. मलाच बघवलं नसतं.

तुम्ही गेल्याचं कळवायला मी त्या दूध संस्थेत फोन केला. हौसाबाईंना बोलावून आणलं. मी सांगितलं तेवढं त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "चुकला आन सांगाय आला. असं कोन येतंय?"

मी सुनीताचा पत्ता मागितला.

"कशाला?"

"अण्णांनी जायला हवं होतं तिथे. मी त्यांना सांगितलंच नाही."

"बरं केलीस." मग गडहिंग्लजकडच्या एका गावाचं नाव त्यांनी सावकाश, दोनदा सांगितलं. "पर तिला आदी इचार. ती माझ्यावानी हसत न्हाई."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, पेपरच्या वेळेला मी तुमच्या खोलीत बसून सुनीताला पोस्टकार्ड लिहिलं. अक्कांनी मला तुमच्या कोऱ्या कार्डांतलं एक दिलं, काही विचारलं नाही. मराठीत लिहिलेलं माझं पहिलं पत्र. मी कोण, तुम्ही कोण होता, त्या मोजणीबद्दल आणि तिच्या शाळेबद्दल मला काय कळलं, ते चार ओळींत लिहिलं. तुमच्या वतीनं माफी मागितली नाही, ती तुमची होती. कार्डाच्या शेवटी एवढंच विचारलंय, येऊ का? ती नको म्हणू शकते, हेही लिहिलंय.

अजून उत्तर आलेलं नाही, अण्णा. ते आल्याशिवाय मी जाणार नाही.